तिसरी किल्ली कुणी दिली? – कार कंपन्यांना एक खुले पत्र

प्रति,
भारतात मोटारी बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे प्रमुख

प्रत माहितीसाठी: परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण

महोदय, महोदया,

गेल्या पावसाळ्यात तुमच्यापैकी एका कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून मी एका मोटारीची नवी किल्ली करून घेतली. रीतसर, पैसे भरून, पक्क्या पावतीवर. अडचण एवढीच की मोटार माझी नव्हती.

आमच्या मजल्यावरचे आप्पा आणि वहिनी मुलीकडे कॅलिफोर्नियात सहा महिन्यांसाठी गेले आणि गाडीची किल्ली आप्पांच्या कोटाच्या खिशात बसून त्यांच्याबरोबर गेली. दुसरी किल्ली दोन वर्षांपूर्वी कोकणातल्या एका लग्नात हरवलेली. ती पुन्हा करायची राहूनच गेली होती. इकडे गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बंद. पावसाळ्यात आमच्याकडचे उंदीर बॉनेटखाली संसार थाटतात, बॅटरी उतरते ती वेगळीच. आप्पांचा फोन आला, "अरे, एक डुप्लिकेट करून घे आणि आठवड्यातून एकदा सिंहगड रस्त्यावर फिरवून आण." आरसी आणि आधारचे फोटो त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडले. मी विम्यातला जुना माणूस. कागद पुरे असल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. आप्पांकडून सहीचं अधिकारपत्र मागवलं, हरवलेल्या किल्लीची पोलिसांकडे ऑनलाइन नोंद केली, माझं ओळखपत्र घेतलं, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढल्या आणि वर्कशॉप गाठलं.

काउंटरवरच्या मुलानं आरसीच्या झेरॉक्सवरून चॅसिस नंबर टाइप केला, रक्कम सांगितली आणि विचारलं, "कार्ड की यूपीआय?" अधिकारपत्र मी आपणहून पुढे सरकवलं, तर म्हणाला, "राहू द्या सर, लागत नाही." मालक मीच का, हा प्रश्न त्यानं विचारलाच नाही. मोबाईल नंबर विचारला तो माझा, आणि मी दिला. दहाएक दिवसांनी त्याच नंबरावर फोन आला. किल्ली आली होती, पण ती गाडीला ओळखवून द्यावी लागते. मी म्हटलं, गाडी टो करून आणावी लागेल का? "कशाला सर? मुलगा पाठवतो."

मुलगा आला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, हातात स्कॅनर. वॉचमननं टी-शर्ट पाहून फाटक उघडलं, वहीत नावसुद्धा लिहून घेतलं नाही. उतरलेल्या बॅटरीला त्यानं आपली बॅटरी जोडली, स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर लावली, चार बटणं दाबली. वीसेक मिनिटांत इंडिकेटर लुकलुकले आणि इंजिन सुरू झालं. आप्पांच्या फोनवर ना एसएमएस, ना फोन, ना ईमेल. मला मात्र संध्याकाळी संदेश आला: आमच्या सेवेला एक ते दहा यांपैकी किती गुण द्याल?

मी चोर निघालो नाही, हे निव्वळ आप्पांचं नशीब.

एखाद्या काउंटरवरचा ढिलेपणा म्हणून हे सोडूनही दिलं असतं. पण मी एका विमा कंपनीत मोटार क्लेम विभागात एकतीस वर्षं काढली आहेत आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. गाडी चोरीला गेल्याचा क्लेम घेऊन आलेल्या माणसाला आम्ही पहिला प्रश्न कोणता विचारायचो, ठाऊक आहे? "दोन्ही चाव्या आणल्यात?"

(पुण्यात आम्ही किल्ली म्हणतो, चावी हा पोर्तुगीजांनी दिलेला शब्द. पण क्लेमच्या फाइलीत कायम 'चाव्या'च असायच्या. का, ते कुणालाच माहीत नव्हतं.)

एफआयआरची प्रत, गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २८, २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या, गाडीवरचे हक्क विमा कंपनीला देणारं सब्रोगेशनचं पत्र, गुन्हा खरा पण तपास लागत नाही असं सांगणारी पोलिसांची 'ए समरी', आणि दोन्ही चाव्या. यातली एक चावी कमी असली की फाइल लगेच जड व्हायची. तपासनीस किल्लीच्या दात्यांवर नकल काढणाऱ्या मशीनचे ओरखडे आहेत का ते बघायचे. ड्रायव्हरला कधी दिली होती, वॉशिंगला कुठे टाकता, मुलगा मित्रांना गाडी देतो का, अशी सरबत्ती व्हायची. किल्ली सांभाळणं ही मालकाची जबाबदारी आणि ती त्यानं पार पाडली की नाही, हे पाहणं आमचं काम. न्यायालयांत गेलेली भांडणंही बहुतेक याच रेषेवर चाललेली दिसतील. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली एका ट्रकच्या प्रकरणात, चालकानं किल्ली गाडीतच ठेवली होती तरी विम्याची ७५ टक्के रक्कम द्या, असा निकाल दिला. वाद कशावर? मालकाच्या बाजूनं किती हलगर्जी झाली, यावर.

एक केटरिंगवाले गृहस्थ आठवतात. गाडी दोन वर्षांचीसुद्धा नव्हती. रात्री दारासमोरून गेली. काच फुटल्याचा एक तुकडा रस्त्यावर नाही, टो केल्याची खूण नाही. दोन्ही किल्ल्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत, दुधाच्या पिशवीला लावतात तशा रबरबँडनं बांधून आणल्या होत्या. आमच्या तपासनीसाला संशय आला, काच न फुटता गाडी गेली म्हणजे घरातलंच कुणी असणार. चार महिने फाइल लटकली. शेवटच्या खेपेला ते टेबलावर पिशवी ठेवून म्हणाले, "साहेब, दोन्ही चाव्या तर तुमच्यासमोर आहेत. मग गाडी कशानं गेली?"

मला उत्तर देता आलं नव्हतं. क्लेम पुढे मंजूर झाला, पण तो प्रश्न मी ज्यांना विचारायला हवा होता, त्यांना कधी विचारला नाही. आज विचारतो आहे. तिसरी किल्ली कुणी दिली?

तुमच्या अभियंत्यांना सांगायला नको, पण हे पत्र बाकीचेही वाचतील म्हणून सांगतो. आजच्या गाडीची किल्ली म्हणजे नुसता कापलेला लोखंडी पत्रा नव्हे. तिच्या प्लास्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी किंवा जराशी मोठी चिप असते. तिला बॅटरीही लागत नाही. इग्निशनभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून निघणाऱ्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपली ओळख सांगते आणि गाडीच्या संगणकाला ती पटली तरच इंजिन चालू होतं. यालाच इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून, ऑस्ट्रेलियात २००१ पासून, कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, आणि वायर जोडून गाडी पळवण्याचा जुना धंदा बसला. तो नसला की काय होतं, तेही जगानं पाहिलं. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांच्या २०११ ते २०२१ या काळातल्या कित्येक गाड्यांना इमोबिलायझरच नव्हता. शाळकरी पोरं त्या यूएसबीच्या वायरीनं सुरू करू लागली आणि त्याचे व्हिडिओ टाकू लागली. २०२३ च्या फेब्रुवारीत कंपन्यांना फुकट सॉफ्टवेअर वाटावं लागलं.

म्हणजे तुमचं कुलूप चांगलं आहे. प्रश्न कुलपाचा नाहीच.

या चिपांपैकी एका प्रसिद्ध जातीचं गणित नेदरलँड्समधल्या नाइमेखन आणि ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठांतल्या संशोधकांनी सोडवलं होतं. फोक्सवॅगननं २०१३ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून त्या निबंधाला स्थगिती आणली. तो छापून यायला २०१५ उजाडलं. एका निबंधासाठी दोन वर्षं वकील उभे केले, कारण त्यातून चोराला युक्ती कळेल ही भीती. भीती खोटी नव्हती. पण त्याच दोन वर्षांत जगभरच्या सर्व्हिस काउंटरवर चॅसिस नंबर सांगून, पैसे भरून, खऱ्या कंपनीची खरी किल्ली घेऊन किती लोक बाहेर पडले असतील, याची स्थगिती कुणी मागितली? चोराला गणित कशाला सोडवायला लावता, काउंटरवर उत्तर तयार मिळत असताना?

याचा सर्वांत धडधडीत दाखला आप्पांची मुलगी राहते त्याच राज्यात, कॅलिफोर्नियात घडला आहे. सॅन दिएगोच्या परिसरातून २०१४ पासून जीप रँग्लर गाड्या नाहीशा होऊ लागल्या. रात्री घरासमोरून, आवाज न होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात रँचो बर्नार्डो भागातल्या एका घराच्या कॅमेऱ्यात चोर सापडले. माणसं आली, आधी बॉनेट उघडून भोंग्याचा बंदोबस्त केला, मग किल्लीनं दार उघडून आत बसली, हातातलं यंत्र लावून किल्लीची चिप गाडीला ओळखवली आणि दोन-तीन मिनिटांत निघून गेली. आप्पांच्या गाडीपाशी त्या मुलानं केलं तेच, फक्त जास्त चपळाईनं.

पोलिसांनी चोरीला गेलेल्या वीसेक गाड्यांची यादी कंपनीला दिली. कंपनीनं आपली नोंदवही उघडली. जवळजवळ प्रत्येक गाडीसाठी चोरीच्या आधी डुप्लिकेट किल्ली मागवलेली होती, आणि त्या बहुतेक मागण्या एकाच ठिकाणाहून आल्या होत्या: मेक्सिकोतल्या काबो सान लुकासचा एक विक्रेता. सॅन दिएगोपासून हे गाव रस्त्यानं दीड हजार किलोमीटरहून लांब, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या पार टोकाला. मे २०१७ मध्ये मेक्सिकोतल्याच टिहुआना शहरातल्या एका मोटारसायकलवाल्या टोळीच्या नऊ जणांवर आरोप ठेवले गेले. दीडशेहून जास्त जीप, सुमारे ४५ लाख डॉलरचा माल. गाड्या रातोरात सीमेपलीकडे जात आणि तिथे विकल्या जात किंवा सुटे भाग करून संपवल्या जात. टोळीतली काही माणसं दिवसा नुसती फिरून गाड्या हेरत आणि त्यांचे चॅसिस नंबर टिपत. एवढ्या माहितीवर कंपनीच्या माहितीसाठ्यातून किल्लीचा कोड बाहेर यायचा.

मी क्लेममधला माणूस असल्यामुळे मला चोरांपेक्षा ती नोंदवही जास्त खुपते. सगळं तिथे लिहिलेलं होतं. कुठल्या गाडीची किल्ली, कधी, कुणी मागवली. कॅलिफोर्नियातल्या अंगणात उभ्या असलेल्या गाडीची किल्ली काबोत कशाला लागते, हे विचारायला संगणकसुद्धा नको, कारकून पुरे होता. माझ्या कार्डावर उद्या लुधियानात कुणी टीव्ही घेतला तर बँक मला फोन करते. इथे वीस गाड्या जाईपर्यंत ती वही मिटलेली राहिली, कारण तिच्यात डोकावणं हे कुणाचंच काम नव्हतं.

पुढे २०१८ च्या सुमारापासून त्या कंपनीनं गाडीच्या संगणकापुढे राखणदार बसवायला सुरुवात केली; अनोळखी स्कॅनरला तो आत घेत नाही. हीच जीप आज आमच्या पुण्याजवळ रांजणगावात बनते. तिथे बनणाऱ्या जीप कंपासला आणि जुळणी होणाऱ्या रँग्लरला हा इतिहास पाठीशी आहे, हे मी त्या कंपनीच्या बाजूनंही धरतो. ज्यानं ठेच खाल्ली, तो इतरांच्या आधी शहाणा होऊ शकतो.

आता आपल्याकडे बघा. चॅसिस नंबर हे गुपित आहे, असं मानून तुमची यंत्रणा चालते का? मग माझ्या आरसीची झेरॉक्स कुणाकुणाकडे आहे ते मोजतो. फास्टॅग देणाऱ्या बँकेकडे. विम्याच्या तीन एजंटांकडे, त्यातल्या दोघांकडून मी विमा घेतलाही नाही. सोसायटीच्या सचिवांकडे, पार्किंगचं स्टिकर हवं होतं म्हणून. मुलीच्या कॉलेजच्या कार्यालयात, कारण काय ते मला आजवर कळलेलं नाही. एका लॉजच्या काउंटरवर. शिवाय पुढच्या काचेखाली किंवा दाराच्या खांबावर तो नंबर तुम्हीच कोरून ठेवला आहे, आणि ते योग्यच आहे, कारण तो गाडीचं नाव आहे. नाव लपवायचं नसतं. चूक आहे ती नावालाच पासवर्ड मानण्याची.

सरकारनं वाहन पोर्टलवर मालकाचं नाव तारे-फुल्या टाकून झाकलं, चांगलं केलं. पण झेरॉक्सवर फुल्या नसतात.

हरवल्याच्या पोलिस नोंदीला लोक फार मान देतात, म्हणून तिच्याबद्दलही एक शब्द. ती मी घरबसल्या चहा निवायच्या आत केली. मी सांगितलं ते पोलिसांनी लिहून घेतलं, एवढाच तिचा अर्थ. किल्ली खरंच हरवली का, आणि हरवलेली किल्ली माझीच होती का, हे ती नोंद सांगत नाही आणि तसा तिचा दावाही नाही. तिला पुरावा बनवलं ते काउंटरनं.

आमच्या राज्यात सध्या दुसऱ्या एका तुकड्याचं मोठं कौतुक चालू आहे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या प्रत्येक गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावा म्हणून मुदतवाढीवर मुदतवाढ निघाली. तिच्यावर होलोग्राम, लेझरनं कोरलेला क्रमांक, एकदा बसवली की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप, आणि या सगळ्याची सरकारी नोंद. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यासाठी एवढी तटबंदी. आणि जिच्यानं गाडी चालू होते तिला? "कार्ड की यूपीआय?"

टोल कापला गेला की खेड शिवापूरचा नाका आरशात दिसतोय तोवर माझा मोबाईल वाजतो. झेब्रा क्रॉसिंगवर चाक पडलं की ई-चलन त्याच नंबरावर येतं, फोटोसकट. म्हणजे या गाडीचा मालक कोण आणि त्याचा फोन नंबर काय, हे व्यवस्थेला चोख माहीत आहे. पैसे घ्यायचे असले की ती मला अचूक शोधून काढते.

मोबाईलच्या सिमकार्डाचं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटावं, कारण तिथे हुबेहूब हाच खेळ झाला. दुसऱ्याच्या नावावर डुप्लिकेट सिम काढायचं, ओटीपी आपल्याकडे वळवायचे आणि बँक खाती धुऊन न्यायची. किल्ली बदलली की घर गेलं, तशातला प्रकार. त्यावर दूरसंचार विभागानं सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवायला लावले. दूरसंचार नियामक ट्रायनं १ जुलै २०२४ पासून, सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही, असा नियम केला. (त्याच दिवशी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चोरीचं कलम ३७९ चं ३०३ झालं. आमच्या जुन्या मंडळींच्या तोंडून अजून ३७९ च जातं.) या नियमांनी लोकांची गैरसोय झाली का? झाली. पण चोराला लागतो तो वेळ, आणि तो मालकाच्या हातात आला.

तुम्ही काय म्हणाल, याचा अंदाज आहे. रात्री अकराला ताम्हिणी घाटात किल्ली दरीत पडलेलं कुटुंब काय चोवीस तास थांबणार? नाही थांबणार, आणि थांबवूही नये. पण त्या कुटुंबाकडे गाडी समोर उभी आहे, माणूस समोर उभा आहे, डिजिलॉकरमधली आरसी उघडून दाखवता येते आणि ओटीपी त्याच्याच फोनवर येतो. त्याला तासाभरात किल्ली द्या, माझी ना नाही. थांबवायचं आहे ते माझ्यासारख्याला: गाडी भलतीकडे, मालक भलतीकडे, आणि हातात व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोची झेरॉक्स.

दुसरा मुद्दा फुटपाथवरच्या चावीवाल्याचा निघेल. छत्रीखाली बसलेला, मागे किल्ल्यांची तोरणं लटकवलेला. तोच खरा गुन्हेगार, अशी कुजबुज मी तुमच्या लोकांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. त्यांच्यातले काही जण नसते उद्योग करत असतीलही. पण या निमित्तानं सगळा कारभार 'फक्त अधिकृत केंद्रात' असा करून टाकायचा विचार असेल, तर स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०१४ मधला आदेश काढून वाचा. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू देत नाही म्हणून चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. सुरक्षेच्या पडद्याआडून तीच मक्तेदारी परत आली तर किल्लीची किंमत तेवढी वाढेल. आणि आप्पांच्या गाडीची किल्ली मला छत्रीखाली मिळालेली नाही. एअरकंडिशन्ड लाउंजमध्ये, कॉफीबरोबर मिळाली.

बाहेरच्या माणसाला सामावून घेऊनही शिस्त लावता येते. अमेरिकेत वाहनसेवेची एक राष्ट्रीय संस्था आहे, नास्टफ नावाची. कार कंपन्या, कुलूपवाले, विमावाले आणि पोलिस यांच्या सहकार्यानं तिनं किल्लीच्या कोडसाठी नोंदणीकृत तंत्रज्ञांची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञाची पार्श्वभूमी तपासतात, त्याला स्वतःचा क्रमांक देतात. प्रत्येक कामाला त्यानं गाडीची कागदपत्रं आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र पाहून ठरलेला फॉर्म भरायचा आणि जपून ठेवायचा. कोड कुणी, कोणत्या गाडीसाठी काढला, याचा माग राहतो. फुलप्रूफ आहे, असं मी म्हणत नाही. ही व्यवस्था असतानाच काबोचा प्रकार घडला, कारण तिथे मागणी विक्रेत्याच्या दारातून आली होती. म्हणून जी शिस्त चावीवाल्याला, तीच लाउंजला.

मला हवं आहे ते फार नाही. माझ्या चॅसिस नंबरवर किल्ली मागवली गेली की त्याच क्षणी माझा फोन वाजावा. काउंटरवर सांगितलेला नव्हे, गाडीच्या नोंदणीवर असलेला. मी 'हो' म्हटलं नाही तर मागणी पुढे जाऊ नये. किल्ली गाडीला ओळखवतानाही पुन्हा तसंच, कारण हे दोन वेगळे दरवाजे आहेत आणि चोराला दोन्ही ओलांडावे लागतात. फोनच हरवला असेल तर माणसानं मूळ कागद घेऊन स्वतः यावं. तेवढा त्रास मी सोसेन. यासाठी परिवहन खात्याच्या माहितीशी तुमची यंत्रणा जोडावी लागेल, आणि म्हणूनच या पत्राची प्रत आयुक्तांना आहे. गाडी विकतानाची टॅक्स भरल्याची, विम्याची, नोंदणीची माहिती तुमचे विक्रेते रोज तिकडे भरतातच. वाट आहे, फक्त एकाच दिशेची आहे.

आणि सर्व्हिसिंगनंतर मला जे जॉबकार्ड मिळतं, ज्यावर वायपरच्या पाण्यापासून एसीच्या फिल्टरपर्यंत सगळं लिहिलेलं असतं, त्यावर एक ओळ वाढवा: या गाडीला ओळखीच्या किल्ल्या किती. बऱ्याच गाड्यांत तुमचा स्कॅनर हा आकडा आताही दाखवतो. दोनच्या जागी तीन दिसले, तर मी तिथल्या तिथे ओरडेन. जुनी गाडी विकत घेणाऱ्याला तर ही ओळ जीव की प्राण आहे. गाडी विकायची, एक किल्ली खिशात ठेवायची, लपवलेल्या जीपीएसवरून ती कुठे उभी असते ते बघायचं आणि रात्री परत घेऊन जायची, असे प्रकार पोलिसांनी आपल्या देशात पकडले आहेत. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, पण जुन्या मालकाच्या किल्लीची ओळख पुसण्यासाठी कुठलाच फॉर्म नाही. नावावर गाडी झाली, किल्लीवर झाली नाही.

विमा नियामकांना वेगळं काय सांगू, मी त्यांच्याच घरातला. चोरीचा क्लेम आला की मालकाकडे चाव्या मागण्याआधी कंपनीकडे त्या चॅसिस नंबरवरचा किल्ल्यांचा इतिहास मागा आणि तो ठरावीक दिवसांत देणं बंधनकारक करा. एक ईमेल. माझ्या एकतीस वर्षांत तो ईमेल मी एकदाही पाठवला नाही. पाठवायचं सुचलं नाही, हे जास्त खरं. मालक समोरच्या खुर्चीत बसलेला असतो, कंपनी लांब असते, आणि प्रश्न नेहमी जवळच्यालाच विचारले जातात. केटरिंगवाल्यांच्या गाडीला तिसरी किल्ली निघाली असती की नाही, मला ठाऊक नाही. निघाली असती तर त्यांचे चार महिने वाचले असते, आणि पोलिसांना धरायला एक दोरा मिळाला असता: तारीख, काउंटर, मागणाऱ्याचा मोबाईल नंबर.

हे पत्र लिहायच्या आधी एक प्रयोग करून पाहिला. या खेपेला स्वतःच्या गाडीवर. ती घेतली त्या विक्रेत्याला लेखी विचारलं की आजवर माझ्या चॅसिस नंबरवर किती किल्ल्या दिल्या गेल्या, ते कळवा. आरसी, ओळखपत्र, सगळं जोडलं. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवलं आणि पोचपावती जपून ठेवली. तीन आठवड्यांनी एका मुलीचा फोन आला. बोलायला फार गोड होती.

"सर, असा रिपोर्ट आमच्या सिस्टिममध्ये निघत नाही."

"बरं. आणि मला नवी किल्ली हवी असेल तर?"

"ती लगेच होईल ना सर. फक्त चॅसिस नंबर सांगा."

आपला,
एक निवृत्त मोटार क्लेम अधिकारी,
पुणे